समुद्रतळाशी पडून वाढणारा माल

सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रातील केबली तुटल्या आणि भारतासह अनेक देशांत इंटरनेट मंदावले, तरीही इंटरनेट उपग्रहावरून येते हा समज काही जात नाही. वास्तविक खंडाखंडांतील जवळजवळ सारी माहिती समुद्रतळावरील ऑप्टिकल फायबर केबलींतून वाहते आणि ही वहनक्षमता दूरसंचार कंपन्या एकमेकींना घाऊक भावाने, बहुधा पंधरा-वीस वर्षांच्या वापरहक्काच्या रूपात, विकतात. धान्याच्या बाजाराचे आडाखे येथे चालत नाहीत, कारण हा माल विक्रेत्याकडे नुसता पडून असतानाही वाढू शकतो.

१९८८ मध्ये सुरू झालेल्या टॅट-८ या पहिल्या अटलांटिकपार फायबर केबलीत क्षीण झालेल्या प्रकाशाचे विजेत रूपांतर करून, संदेश वाचून, तो पुन्हा प्रकाशात उतरवणारी यंत्रे समुद्रतळावर होती. त्यामुळे केबलीचा वेग ती टाकतानाच कायमचा ठरून जाई. पुढील दशकात त्यांची जागा एर्बियम या धातूचा वापर करून प्रकाश थेट वाढवणाऱ्या वर्धकांनी घेतली. एर्बियम मिसळलेल्या फायबरच्या काही मीटर लांबीच्या तुकड्यात ९८० नॅनोमीटरचा लेसर सोडला की एर्बियमचे आयन उत्तेजित होतात, आणि १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा क्षीण संदेश तेथून जाताना त्यातील फोटॉन या आयनांकडून हुबेहूब आपल्यासारखेच, त्याच तरंगलांबीचे आणि त्याच दिशेचे, नवे फोटॉन बाहेर काढतात. हा वर्धक संदेश वाचतच नाही. सुमारे १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात जे येईल ते सारे एकदम वाढवतो. म्हणूनच एका फायबरमधून डझनावारी तरंगलांबींवर स्वतंत्र संदेश पाठवता येतात आणि गोंगाट व वीजपुरवठा यांची मर्यादा येईपर्यंत केवळ किनाऱ्यावरील यंत्रे बदलून, समुद्रातील केबलीला हात न लावता, क्षमता कित्येक पटींनी वाढवता येते.

अर्थशास्त्राचा पेच येथेच पडतो. मोठा खर्च केबल टाकण्याचा असतो, पुढच्या तरंगलांबीचा त्या मानाने अल्प. स्पर्धा आली की भाव या अल्प खर्चाकडे घसरतो, केबल टाकण्यासाठी काढलेले कर्ज मात्र तेवढेच राहते. १९९० च्या दशकाअखेरीस ‘इंटरनेटवरील वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते’ असे सर्रास सांगितले जाई. गणितज्ञ अँड्र्यू ओडलिझ्को यांनी ती साधारण वर्षाला दुप्पट होते असे दाखवूनही त्या विधानावर अब्जावधी डॉलर ओतले गेले, आणि आकडा न तपासता ठेवलेल्या या विश्वासाला अंधश्रद्धाच म्हटले पाहिजे. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने १९९९ मध्ये बँडविड्थचे, म्हणजे याच वहनक्षमतेचे, वीजबाजारासारखे सौदे सुरू केले. परंतु न्यूयॉर्क–लॉस एंजेलिस मार्गावरची क्षमता लंडन–मुंबईच्या ग्राहकाच्या उपयोगाची नसते, त्यामुळे सर्वत्र चालेल असा एकजिनसी माल तयारच होईना. २००१ च्या डिसेंबरात एन्रॉन आणि पुढच्याच महिन्यात जगभर केबली टाकणारी ग्लोबल क्रॉसिंग दिवाळखोरीत गेली. उभारणीला दोन अब्ज डॉलरहून अधिक लागलेले टायको या कंपनीचे जागतिक केबलजाळे मुंबईच्या विदेश संचार निगमने २००४ मधील करारानुसार अवघ्या १३ कोटी डॉलरला घेतले.

आज गूगल, मेटा, मायक्रोसॉफ्टसारखे मोठे ग्राहक ठरावीक क्षमतेऐवजी अख्खी फायबरजोडी (जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक असे दोन फायबर), किंवा केबलीतील भागीदारीच, घेणे पसंत करतात, कारण टोकाची यंत्रे बदलून वाढणारी पुढची क्षमता मग जोडीच्या मालकाकडेच राहते.