अफूची चोरटी वाहतूक (माळवा)

बंदी किंवा मक्तेदारी चुकवून अफू गिऱ्हाइकापर्यंत पोचवण्याचा व्यवहार. इंदूर व उज्जैन या अफूच्या जुन्या पेठा.

माळव्यात खसखस (जिच्या बोंडांच्या चिकापासून अफू होते ते झाड) केव्हा आली याविषयी एकमत नाही. ‘अहिफेन’ (सापाचा फेस) या संस्कृत नावावरून काही जण ती मूळ एतद्देशीय मानतात. मात्र चरक-सुश्रुतांत अफू नाही, शार्ङ्गधरसंहितेत (सु. तेरावे-चौदावे शतक) आहे. त्यामुळे ‘अहिफेन’ हे अरबी ‘अफ्यून’चे (मूळ ग्रीक ‘ओपिऑन’, म्हणजे रस) संस्कृत वळणाचे रूप, हे मत अधिक ग्राह्य वाटते. माळव्यात लहानथोर सगळेच तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना अफू देतात, असे आईन-इ-अकबरीत म्हटले आहे. बाळगोळीची (तान्ह्यांना द्यायच्या अफूच्या गोळीची) आठवण असलेल्या मराठी घरांना याचे नवल वाटू नये.

या चोरट्या वाहतुकीला जडलेल्या हिंसेचे मूळ घरगुती वापरात नव्हे, चीनमधील मागणीत दिसते. बंगालच्या अफूची मक्तेदारी ईस्ट इंडिया कंपनीकडे होती. होळकर-शिंद्यांच्या मुलखातला माल त्या मक्तेदारीला शह देई. होळकरांशी झालेल्या मंदसोरच्या तहानंतर (१८१८) कंपनीने संस्थानिकांशी करार करून निर्यात आवळली. चीनमधले गिऱ्हाईक मात्र हटले नाही. माल पाली-जैसलमेरवरून कराचीला व तेथून पोर्तुगीज दमणला जाऊ लागला. तांड्यांबरोबर हत्यारबंद माणसे आली, पहारेकऱ्यांशी चकमकी झाल्या. १८३० च्या सुमारास कंपनीने हे निर्बंध सोडून मुंबईमार्गे जाणाऱ्या मालावर परवाना-शुल्क सुरू केले. दर पेटीमागे ते १७५ रुपये होते. चोरवाट तरीही स्वस्त पडे, म्हणून १८३५ मध्ये १२५ वर आणले. कराची ज्यात येते तो सिंध ताब्यात आल्यावर (१८४३) ते २०० आणि १८४७ मध्ये ४०० झाले. वाट बंद झाली तेव्हाच दर चढवता आला, हे लक्षणीय आहे.

अमेरिकन संशोधक पॉल गोल्डस्टीन यांनी (१९८५) अमली पदार्थांशी निगडित हिंसेचे तीन प्रकार मांडले : नशेतून, व्यसनासाठीच्या पैशातून व व्यापारातून घडणारी. माळव्याचा इतिहास मुख्यतः तिसऱ्यात बसतो. बेकायदा सौद्यात फसलेल्याला कोर्टात जाता येत नाही, म्हणून वसुलीला माणसे ठेवावी लागतात.

मंदसोर, नीमच व रतलाम भागांत आज परवान्याने लागवड होते. तिच्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याखालील (एनडीपीएस) अधिसूचनेनुसार, शिक्षा ठरवताना २५ ग्रॅमपर्यंतची अफू ‘अल्प’, तर २.५ किलोहून अधिक ‘व्यापारी’ प्रमाण धरली जाते. पट्टेदार (परवानाधारक) शेतकऱ्याला सरकारी दर मिळतो, चोरबाजारातला भाव त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून बोंडांना चिरा दिल्यापासून चीक सरकारी वजनाला लागेपर्यंत घरची माणसे रात्री शेतातच झोपतात.