म्हसवडच्या बायकांची बँक

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचा माण तालुका. सह्याद्रीवर धो धो कोसळणारा पाऊस इथे पोचेपर्यंत संपलेला असतो. माणगंगेचं पात्र वर्षातला बराच काळ कोरडं. शेती बेभरवशाची, म्हणून मेंढरं राखायची, नाहीतर मुंबई गाठायची किंवा ऊसतोडीला जायचं. पुरुष बाहेर पडला की शेळ्या, म्हातारी माणसं, पोरं आणि दुकानातली उधारी, सगळं बाईच्या अंगावर. माणदेशी महिला सहकारी बँक इथेच का उभी राहिली, हे कळायला आधी ही बाई डोळ्यांसमोर हवी.

तालुक्यात बँकाच नव्हत्या, असं नाही. पण शेतीचं कर्ज सातबाऱ्यावर मिळतं आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं. बाईला उरायची ती भिशी, किंवा आठवडी बाजारात सकाळी नऊशे हातावर ठेवून संध्याकाळी हजार वसूल करणारा सावकार. एका दिवसाला शंभर रुपये! पण त्याच्याकडे कागद लागत नसत, आणि तो बाजारात समोर उभा असे.

चेतना सिन्हा मूळच्या मुंबईच्या. अर्थशास्त्र शिकलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनात काम केलेल्या. शेतकरी चळवळीतले विजय सिन्हा यांच्याशी लग्न करून त्या ऐंशीच्या दशकात माण तालुक्यातल्या म्हसवडला आल्या. बँक काढण्याचा विचार कुठून आला, ते त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला रोज थोडे पैसे बाजूला टाकायचे होते, कारण पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. रक्कम एवढी किरकोळ की बँका खातंच उघडायला तयार नव्हत्या. ती कर्ज मागत नव्हती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्वतःचेच पैसे सुरक्षित ठेवायला तिला जागा हवी होती.

महिलांची बँक ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. अहमदाबादेत सेवा संस्थेच्या हजारो कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपयांचे शेअर घेऊन १९७४ मध्ये आपली सहकारी बँक काढली होती. त्याच वर्षी पुण्यात भगिनी निवेदिता बँक सुरू झाली. पण या दोन्ही शहरातल्या. सहकारी बँकांना १९६६ पासून बँकिंग कायदा लागू झाल्यामुळे परवान्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या दारात जाणं भाग होतं. रिझर्व्ह बँकेनेच नेमलेल्या मराठे समितीच्या अहवालानंतर १९९३ मध्ये नव्या नागरी सहकारी बँकांसाठी नियम सैल झाले आणि म्हसवडसारख्या ठिकाणाहून अर्ज करण्याची वाट मोकळी झाली.

तरीही पहिला अर्ज फेटाळला गेला. प्रवर्तक म्हणून ज्यांची नावं होती, त्यातल्या बऱ्याच जणींनी सहीच्या जागी अंगठे उठवले होते. निरक्षर बायकांच्या हाती बँक कशी द्यायची, हा आक्षेप. चेतनाताई रडवेल्या होऊन परतल्या, तर बायकाच म्हणाल्या, मग आम्ही शिकतो की! दिवसभर राबून रात्री अक्षरं गिरवणं सुरू झालं. काही महिन्यांनी पुन्हा अर्ज घेऊन मुंबईला जायचं ठरलं, तेव्हा चेतनाताई एकट्या गेल्या नाहीत. बायकाही सोबत गेल्या. आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, त्यात आमचा काय दोष, असं त्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं. आम्हाला वाचता येत नसेल, पण हिशोब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा आणि बघा कोण आधी सांगतंय.

ज्याने सावकारी व्याज भरलंय, त्याला यात नवल वाटणार नाही. दोन हजार उचलले, शेकडा तीनने महिन्याला साठ, सहा महिन्यांचे तीनशे साठ. हे गणित भाकरी थापता थापता होतं.

१९९७ मध्ये परवाना मिळाला.

पुढे बँकेत जे जे बदललं, ते बहुतेक खातेदार बायकांच्या तक्रारींमधून बदललं. बँकेत यायचं म्हणजे दिवसाचा रोज बुडतो, असं त्या म्हणाल्या. तर बँकेची माणसं घरोघरी आणि बाजारात जाऊ लागली. मग पासबुकाचा प्रश्न आला. पासबुक घरी नेलं की शिल्लक नवऱ्याला कळते आणि पैसे काढून आण म्हणून मागे लागतो. मग पासबुक घरी न्यायलाच नको, असा तोडगा बायकांनीच काढला. बँकिंगच्या कुठल्या पुस्तकात हे सापडेल?

नुसत्या कर्जाने धंदा होत नाही हे दिसल्यावर २००६ मध्ये चेतनाताईंच्याच माणदेशी फाउंडेशन या संस्थेने ग्रामीण महिलांसाठी उद्योगाचं शिक्षण देणारी शाळा काढली. पुढे बसमध्येच वर्ग थाटून ती गावोगाव फिरू लागली. मग स्वतःचं रेडिओ केंद्र आलं.

२०१२ च्या दुष्काळात एक बाई दागिने गहाण ठेवायला बँकेत आली. कशासाठी, तर जनावरांच्या चाऱ्यासाठी. चारा घेशील, पण पाणी कुठून आणशील, आणि सोनं संपल्यावर काय, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. त्यातून म्हसवडला छावणी उभी राहिली. चारा आणि पाणी बाहेरून आणून हजारो जनावरं जगवली. छावणी चालवणं हे कुठल्याच बँकेच्या कामात बसत नाही. पण खातेदाराची गाय विकली गेली की तिचं खातंही मोडतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं.

२०१८ मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सह-अध्यक्षा सगळ्या महिला होत्या. चेतना सिन्हा त्यांतल्या एक.

व्यवहार डिजिटल होऊ लागले, तेव्हा पिन नंबर द्यायचा विषय निघाला. बायकांनी तो नको म्हटलं. आकडा कोणीही बघेल आणि पैसे काढून नेईल; आमचा अंगठाच घ्या, तो कोण चोरणार, असं त्यांचं म्हणणं. ज्या अंगठ्यापायी पहिला अर्ज परत आला होता, त्याच अंगठ्यावर मग खातं उघडू लागलं.