काय-वर्ग चाचणी : पाच की दोन?

बियाण्याच्या तीन लॉटमधून प्रत्येकी १०० बिया घेतल्या आणि अनुक्रमे ७०, ६० आणि ५० उगवल्या, असे समजा. लॉटमध्ये खरा फरक नसेल, तर ३०० पैकी १८० उगवल्या या हिशेबाने प्रत्येकात ६० उगवायला हव्यात आणि ४० वाया जायला हव्यात. तीन लॉट आणि उगवलेल्या-न उगवलेल्या असा तक्ता केला की सहा घरे (चौकटी) होतात. प्रत्येक घरातली प्रत्यक्ष संख्या वजा अपेक्षित संख्या, त्याचा वर्ग, भागिले अपेक्षित संख्या. सहाही घरांची बेरीज ८.३३ येते; हाच काय-वर्ग. इथवर वाद कधीच नव्हता. वाद होता तो या ८.३३ चा अर्थ काय लावायचा, यावर.

ही बेरीज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने १९०० साली मांडली. तेव्हा प्रश्न तक्त्यांचा नव्हता, निरीक्षणे ठरलेल्या सिद्धांताशी जुळतात का, हा होता. वेल्डन या संशोधकाने १२ फासे २६,३०६ वेळा टाकून जमवलेले आकडे त्याने त्यासाठी वापरले. फाशांमध्ये अपेक्षित प्रमाण आधीच ठाऊक असते. पुढे १९०४ मध्ये तो तक्त्यांकडे वळला, पण नियम जुनाच ठेवला : घरांच्या संख्येतून एक वजा. आपल्या तक्त्यात सहा घरे, म्हणून स्वातंत्र्यमात्रा (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या घरांची संख्या) ५. या हिशेबाने ८.३३ चे पी-मूल्य (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढी किंवा याहून मोठी बेरीज येण्याची शक्यता) ०.१४ च्या आसपास येते. ते ०.०५ या नेहमीच्या मर्यादेहून जास्त, म्हणजे फरक सिद्ध होत नाही.

१९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल हे संख्याशास्त्रज्ञ टायफॉइड व कॉलऱ्याच्या लसीचे आकडे तपासत होते. टोचलेले-न टोचलेले, आजारी-निरोगी अशा चार घरांच्या तक्त्यावर पिअर्सनची रीत एक उत्तर देई आणि दोन प्रमाणांची थेट तुलना दुसरेच.

गाठ सोडवली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने, १९२२ मध्ये. अपेक्षित संख्या आपण त्याच आकड्यांच्या बेरजांवरून काढतो, हे पिअर्सनच्या हिशेबात धरलेलेच नव्हते. उगवलेल्या १८०, न उगवलेल्या १२० आणि प्रत्येक लॉट १०० चा, हे पक्के केले की दोनच घरे मोकळी राहतात. उरलेली चार वजाबाकीने भरतात. म्हणून स्वातंत्र्यमात्रा २ (ओळी वजा एक, गुणिले स्तंभ वजा एक), आणि पी-मूल्य ०.०१६. आकडे तेच, निकाल उलटा!

पिअर्सनने पवनचक्कीवर चाल करून जाणाऱ्या डॉन किहोटेची उपमा देऊन फिशरची टर उडवली. गंमत अशी की १९२६ मध्ये फिशरने त्याला उत्तर दिले ते पिअर्सनच्याच मुलाने, एगॉनने, तयार केलेल्या हजारो चार-घरी तक्त्यांवरून. खरा फरक नसेल तर काय-वर्गाची सरासरी स्वातंत्र्यमात्रेइतकी येते. त्यांतल्या काय-वर्गाची सरासरी १ च्या अगदी जवळ होती. पिअर्सन बरोबर असता तर ती ३ च्या (चार घरे वजा एक) आसपास यायला हवी होती.

आज स्वातंत्र्यमात्रा सॉफ्टवेअर काढते, पण तक्त्यात काय भरायचे ते आपल्या हातात असते. सर्रास होणारी चूक म्हणजे मोजलेल्या संख्येऐवजी टक्केवारी भरणे. वरची टक्केवारी प्रत्येकी २० बियांची असती (१४, १२, १०), तर काय-वर्ग फक्त १.६७ आणि पी-मूल्य ०.४३ आले असते. टक्के भरले की २० बियांचे १०० होतात आणि नसलेला फरक दिसतो. लहान संख्यांसाठी संख्याशास्त्रज्ञ कॉक्रनचा १९५४ चा दंडक आहे : ५ पेक्षा कमी अपेक्षित संख्येची घरे २० टक्क्यांहून जास्त नकोत आणि १ च्या खाली एकही नको. सहा घरांत ही सूट जेमतेम एका घराला मिळते.

आणि ०.०१६ एवढेच सांगते की तिन्ही लॉट सारखे नाहीत. वेगळा कोणता, ते नाही. त्यासाठी जोड्या तपासायच्या आणि तीन तुलना असल्यामुळे ०.०५ ऐवजी ०.०१७ ची (०.०५ भागिले तीन) मर्यादा धरायची. ७० विरुद्ध ५० चे पी-मूल्य ०.००४, ही जोडी टिकते. ७०-६० आणि ६०-५० या जोड्यांची पी-मूल्ये ०.१० च्याही वर आहेत.