कॅमकॉर्डर : घरगुती चित्रीकरणासाठी निवड

कॅमकॉर्डर : चित्र टिपणारा कॅमेरा आणि ते नोंदवणारा रेकॉर्डर एकाच यंत्रात असलेले उपकरण. विकत घेताना बहुतेकांची नजर झूमच्या आकड्यावर जाते. खरे तर आधी पाहायचा तो रेकॉर्डिंगचा फॉर्मॅट. यंत्र पाच-दहा वर्षांत बाद होते, पण बारशाचे चित्रीकरण त्या बाळाच्या लग्नातही बघता आले पाहिजे. म्हणून ‘यातले चित्रीकरण बाहेर कसे काढायचे’ हा पहिला प्रश्न.

व्हीएचएस-सी (१९८२), व्हिडिओ८ (१९८५) आणि हाय८ (१९८९) हे कॅसेटवरचे जुने अ‍ॅनलॉग (आकड्यांत न साठवणारे) फॉर्मॅट. त्यांची प्रत काढली की चित्र थोडे उतरते आणि प्रतीची प्रत आणखी फिकट होते. १९९५ मध्ये आलेल्या डीव्हीने (डिजिटल व्हिडिओ) ही अडचण संपवली. त्याच्या छोट्या मिनीडीव्ही कॅसेटवर एसपी (नेहमीच्या) वेगात ६० मिनिटे मावतात आणि फायरवायर (डिजिटल चित्रीकरण उतरवण्याची जोडणी) केबलने संगणकावर घेतल्यावर तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. प्रत मूळ कॅसेटइतकीच चांगली असते. केबल मात्र फायरवायरचीच हवी, कारण अनेक डीव्ही कॅमकॉर्डरांचे यूएसबी फक्त स्थिरचित्रांपुरते असते. केबल लावताना दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत. सहा पिनांच्या टोकातून वीजही येते, त्यामुळे ते उलटे दाबून बसवले तर कॅमकॉर्डरचे पोर्ट जळते.

मिनीडीव्हीवर एलपी (टेप हळू फिरवणारा) वेग वापरू नये. ६० मिनिटांच्या कॅसेटवर ९० मिनिटे मावतात खरी, पण टेपवरच्या मागाची (ट्रॅकची) रुंदी १० मायक्रॉनवरून सुमारे ६.७ मायक्रॉनवर येते. मग दुसऱ्या कॅमकॉर्डरमध्ये, कधी त्याच यंत्राचे हेड (टेप वाचणारा भाग) झिजल्यावरही, चित्रात चौकोन फुटतात. दोन दृश्यांमध्ये कोरी टेप राहिली तर टाइमकोड (टेपवरची वेळेची नोंद) पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि संगणकावर घेताना गोंधळ उडतो. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक दृश्य संपल्यावर पाच सेकंद जास्त टिपावे आणि पुढचे दृश्य त्या जादा भागावरच सुरू करावे.

एचडीव्ही हा फॉर्मॅट याच कॅसेटवर जास्त तपशिलाचे, १४४०×१०८० बिंदूंचे चित्र नोंदवतो. मात्र त्यात चौकटी (फ्रेम) गटाने दाबलेल्या असतात. भारतात चालणाऱ्या ५०आय (सेकंदाला ५० अर्ध्या चौकटी) पद्धतीत एका गटात १२. त्यामुळे टेपवरच्या धुळीच्या एका कणाने डीव्हीत दोन-चार चौकोन दिसतात, तर एचडीव्हीत अर्धा सेकंद चित्र गोठते. ८ सेंमी डीव्हीडीवर नोंदवणारे कॅमकॉर्डर टाळलेलेच बरे. चकतीत १.४ जीबी, म्हणजे जेमतेम अर्धा तास. शिवाय चकती ‘फायनलाइझ’ (नोंद पूर्ण करून बंद) केली नाही तर इतर प्लेअर ती वाचत नाहीत.

२००६ मध्ये आलेल्या एव्हीसीएचडी या फाइलच्या फॉर्मॅटने टेप बाजूला सारली. सेकंदाला २४ मेगाबिट वेगाने ३२ जीबी कार्डावर सुमारे तीन तास मावतात. लांब चित्रीकरणाचे एकाहून अधिक तुकडे होतात, म्हणून सुट्या एमटीएस (चित्रीकरणाच्या) फाइल उचलू नयेत. कार्डावरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे उतरवावे, नाहीतर जोडाच्या जागी आवाज तुटतो. १०० मेगाबिटच्या फोर-के चित्रीकरणाला तासाला ४५ जीबी आणि यू३ खूण असलेले वेगवान कार्ड लागते. हळू कार्डावर चित्रीकरण मध्येच थांबते आणि नेमक्या मंगलाष्टकांच्या वेळी ते परवडणारे नाही.

परदेशातल्या नातेवाइकांकडून कॅमकॉर्डर मागवताना पाल (भारतात चालणारी चित्रपद्धत) की एनटीएससी (अमेरिकेतील) हे विचारून घ्यावे. अमेरिकेतील यंत्र सेकंदाला ६० क्षेत्रे (अर्ध्या चौकटी) टिपते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोक असलेली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. शटर (प्रत्येक चित्र टिपण्याचा वेळ) १/६० सेकंदावर असले की हा मेळ बसत नाही आणि हॉलमधले सगळे चित्र लपलपते. शटर हाताने १/१०० वर ठेवता येत असेल तर लपलप थांबते. ही सोय नसलेले यंत्र लग्नाच्या हॉलसाठी घेऊ नये.

आवाजाकडे सहसा लक्ष जात नाही, आणि सगळ्यात जास्त पस्तावा त्याचाच होतो. ढोल-ताशा सुरू झाला की स्वयंचलित पातळी आवाज एकदम खाली खेचते. ढोल थांबल्यावर जवळ उभी असलेली आजी काय म्हणाली ते काही क्षण ऐकूच येत नाही. म्हणून बाहेरच्या माइकचे भोक, हेडफोनची जागा आणि हाताने बदलता येणारी पातळी या तिन्ही गोष्टी दुकानातच तपासाव्यात. झूमचा फक्त ऑप्टिकल आकडा धरावा. डिजिटल झूम चित्राचा तुकडा ताणून मोठा करतो, नवा तपशील आणत नाही.

टेपच्या यंत्रांना कोकणची हवा सोसत नाही. वातानुकूलित गाडीतून दमट अंगणात आणलेल्या यंत्राच्या ड्रमवर (टेप ज्याभोवती फिरते त्या गोल भागावर) दव धरते आणि ओली टेप त्याला चिकटते. दवाची खूण दिसली तर कॅसेट काढून झाकण उघडे ठेवावे व तासभर थांबावे. जुन्या व्हिडिओ८ आणि हाय८ कॅसेटसाठी, त्या वाचू शकणारा डिजिटल८ (त्याच आकाराच्या कॅसेटवर डिजिटल नोंद करणारा) कॅमकॉर्डर मिळाला तर तो थेट फायरवायरवर डीव्ही देतो. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालूच नये. बुरशी हेडवर बसते आणि त्यानंतर लावलेल्या चांगल्या कॅसेटवरही जाते.