काश्मीरचा माळा, कोयनेचं छप्पर

सुभेदार म्हणून निवृत्त होऊन मामा गावी आले आणि कोयनेच्या खोऱ्यातलं जुनं घर उतरवून त्यांनी नवं बांधायला काढलं. पाडव्याआधी भिंती उभ्या राहिल्या. घोडं अडलं ते छपरापाशी. मामांची नोकरीतली बरीच वर्षं काश्मिरात, कुपवाड्याकडं गेलेली, त्यामुळं डोळ्यांपुढं तिथलीच घरं होती. उभ्या उताराची, पत्र्याची, बर्फ अंगावरून लोटून देणारी.

“आरं, कंबरंएवढं बरफ पडतं तिकडं, तरी छपराला कायबी होत न्हाई. मग आपल्या पावसाचं काय घिऊन बसलास? तसलंच करू.”

मी साताऱ्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. मामांचं बोलणं मला उडवून लावण्यासारखं मुळीच वाटलं नाही. दोन्ही मुलूख डोंगराळ, दोन्हीकडं पत्रा. तिथल्या छपरातलं नेमकं काय उचलायचं आणि काय तिथंच ठेवायचं, याचा आम्ही दोघांनी दोन-तीन संध्याकाळी बसून हिशेब केला. तोच इथं मांडतो.

कौलं का नकोत, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. वानरांची टोळी एकदा घरावरून गेली की डझनभर कौलांचा चुरा होतो, आणि वैशाखात कौलं चाळून द्यायला माणूस मिळत नाही. शिवाय ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपाची पहाट आठवणारी माणसं गावात अजून आहेत. मंगलोरी कौलांचा भार चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास, वासे आणि रिपा वेगळ्या. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा जेमतेम साडेचार किलो. भूकंपात घराला बसणारा हिसका वजनाच्या प्रमाणात असतो. माथा हलका असेल तर भिंतींवर ताण कमी येतो. कोयनेच्या परिसरात पत्र्याच्या बाजूनं एवढं एक कारणही मला पुरेसं वाटतं.

काश्मिरात छपराचा शत्रू म्हणजे वजन. ताजं भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोही भरत नाही, पण चार दिवस बसून दबलं की दोनशे-तीनशे किलोवर जातं. म्हणजे मीटरभर दबलेलं बर्फ साठलं तर छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर तीन-चार माणसं ठाण मांडून बसल्यासारखं होतं. तो उभा उतार त्यासाठी असतो. बर्फाच्या भाराचा हिशेब भारतीय मानक ८७५च्या चौथ्या भागात दिलेला आहे. ३० अंशांपर्यंतच्या उताराला भारात काही सूट नाही. त्यापुढं भार कमी होत जातो आणि ६० अंशांवर शून्य धरतात, कारण तिथं बर्फ टिकतच नाही. पत्रा येण्याआधी काश्मिरात भूर्जपत्राच्या थरांवर माती पसरून छपरं करत. गुळगुळीत पत्र्यावरून बर्फ सुटतं तेव्हा गडगडाट होऊन अख्खी चादर एकदम खाली येते. मामा सांगतात, नव्या जवानाला पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं की वळचणीखाली उभं राहायचं नाही.

आपल्याकडं पत्र्याला खाली दाबणारं काही नाही, वर ओढणारं मात्र आहे. वारा छपरावरून जाताना वेग घेतो, तिथला दाब उतरतो आणि पत्रा वर खेचला जातो. सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ५५ किलो वजनाइतका असतो. त्यातला किती वाटा ओढ बनून पत्र्यावर येतो, ते उतारावर अवलंबून. याच मानकाच्या तिसऱ्या भागात बुटक्या घरांसाठी दिलेले आकडे मी मामांना वहीत लिहून दाखवले. वाऱ्याकडच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवर, १० अंशांच्या उताराला ही ओढ दाबाच्या १.२ पट असते. २० अंशांना ती ०.४ पटीवर येते, ३० अंशांना शून्य होते आणि ४५ अंशांना वारा उलट पत्रा दाबू लागतो. वाऱ्यामागच्या पाख्यावर मात्र यांपैकी कुठल्याही उताराला ०.४-०.५ पट ओढ राहतेच.

म्हणजे १० अंशांच्या छपरावर साडेचार किलोच्या पत्र्याला ६६ किलोंची ओढ. आणि आज गावोगाव काय चाललंय ते बघा. कौलं उतरवून पत्रा टाकताना बहुतेक जण उतार कमी करतात. पत्रा वाचतो, पाईप वाचतो, फॅब्रिकेटरचं काम सोपं होतं. जुन्या सुतारांनी कौलांसाठी तिशीच्या आसपासचा उतार धरला होता तो पाणी निथळावं म्हणून. वाऱ्यापासूनचं रक्षण त्यातच मिळून जायचं. ते आपण दहा-पंधरा टक्के पत्रा वाचवण्यासाठी घालवून बसतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. उलट मामांच्या मनातला ४५ अंशांचा उतार केला तर तिशीच्या छपरापेक्षा बावीस टक्के पत्रा जास्त लागला असता, आणि सरकवायला बर्फ तर नाहीच. आम्ही जुन्या घराच्या तिशीच्या उतारावरच शिक्कामोर्तब केलं.

वळचणीचं तेवढं वेगळं. भिंतीला झड लागू नये म्हणून ती लांब सोडावीच लागते, आणि तिथं वारा खालून ढकलतो, वरून ओढतो. छप्पर उडायला सुरुवात होते ती कडेपासून. म्हणून कडेच्या दोन ओळींत स्क्रू कमी अंतरावर मारायला हवेत, मधल्या भागाइतके विरळ चालत नाहीत.

आता पाऊस. २०२१च्या जुलैत महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याच जिल्ह्यात, माणदेशात, वर्षभरात साधारण पाचशे पडतो. शंभर चौरस मीटरच्या घरावर त्या एका दिवसात ५९,००० लिटर पाणी आलं, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. एवढं पाणी वाऱ्यासोबत तिरकं येतं तेव्हा ते दोन पत्र्यांच्या जोडात शिरायला बघतं. आपला पावसाळी वारा पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा. म्हणून पाखी उत्तर-दक्षिणेला उतरत असतील तर पत्रा टाकायला पूर्वेकडून सुरुवात करून पश्चिमेकडं यायचं. मग प्रत्येक जोडाची उघडी कड पूर्वेला, वाऱ्याच्या आडोशाला राहते. यात पैसा एक लागत नाही, फक्त काम सुरू व्हायच्या सकाळी आपण तिथं हजर असावं लागतं.

पण वरून येणाऱ्या पाण्यापेक्षा पत्र्याखाली तयार होणारं पाणी जास्त फसवं असतं. आमच्या घरी स्वयंपाकघरावर पत्रा टाकला तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात ओट्यावर ठिबकायला लागलं. गळतंय म्हणून स्क्रूंवर दोनदा डांबर लावलं. तरी ठिबक सुरूच. एका पहाटे स्टुलावर चढून बॅटरी मारली. पत्र्याच्या खालच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोहरीएवढे थेंब दाटीनं लगडलेले. जिथं स्क्रू नाही, जोड नाही, तिथंही तसेच. बोट फिरवलं तर ओघळ धरून चार थेंब खाली आले. आणि त्या रात्री पाऊस पडलाच नव्हता.

पत्र्याला घाम फुटला, असं आपल्याकडं म्हणतात ते हेच. २५ अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेतली वाफ साधारण २१ अंशांना पाणी होऊ लागते. पावसानं भिजलेला किंवा रात्री उघड्या आकाशाकडं उष्णता टाकून निवलेला पत्रा याहून थंड असतो. लोखंडातून उष्णता झटकन जाते, त्यामुळं वरचा गारवा लगेच खालच्या अंगाला. घरात भात शिजतोय, पाणी तापतंय, ओले कपडे वाळताहेत, चार माणसं श्वास घेताहेत. ती सगळी वाफ वर जाऊन पत्र्याला चिकटते. कौलांच्या घराला हा त्रास नव्हता, कारण कौलाकौलांतल्या फटींतून वाफ निघून जायची आणि भाजलेली माती थोडं पाणी पिऊनही घ्यायची. घाम फुटणारा पत्रा वरून चकचकीत दिसतो आणि आतून गंजतो.

इथं काश्मीर कामाला आलं. मी मामांना विचारलं, तिथं पत्र्याच्या खाली काय असतं? ते म्हणाले, “मोकळा माळा. फळ्यांची तक्तपोशी खाली, पत्रा वर, आन् मधनं वारं ये-जा करतंय. हिवाळ्याचं गवतबिवत तिथंच ठिवत्यात.”

तो माळा उगाच मोकळा ठेवलेला नाही. घरातली ऊब थेट पत्र्याला लागली तर वरच्या बर्फाचा तळ वितळतो. पाणी घसरत वळचणीला येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, तिला घराची ऊब नाही, त्यामुळं ते पाणी तिथं पुन्हा गोठतं. हळूहळू कडेला बर्फाचा बांध तयार होतो, मागचं पाणी त्याच्यामागं तुंबतं आणि जोडातून वर चढून घरात उतरतं. माळ्यातून वारं खेळतं राहिलं तर पत्रा बाहेरच्या हवेइतकाच थंड राहतो आणि हा सगळा उपद्व्याप टळतो.

आपल्याकडं तोच मोकळा माळा वाफ बाहेर काढतो. आम्ही ठरवलं ते असं: खाली फळ्यांची तक्तपोशी, दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत जाळी बसवलेले झरोके, वळचणीला बोटभर फट, आणि चुलीचा धूर माळ्यात न सोडता नळकांड्यानं थेट बाहेर. आषाढात बाहेरची हवाच ओलीचिंब असते, त्यामुळं घाम पूर्ण थांबणार नाही. पण स्वयंपाकघराची भर त्यात पडणार नाही, आणि जे थेंब पडतील ते तक्तपोशीवर पडून वाळतील. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याची धग आणि पावसाचा ताशा, दोन्ही माळ्यामुळं बरेच कमी होतात.

पत्रा विकत घेताना लोक रंग बघतात. मी म्हणेन, आधी जस्ताचा आकडा विचारा. पत्र्यावर चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त आहे, दोन्ही बाजू मिळून, तो हा आकडा. १२० असेल तर एका बाजूला जस्ताचा थर सव्वाआठ-साडेआठ मायक्रॉन, २७५ असेल तर एकोणीस. केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास धरली तर अंदाज येईल. हे जस्त नुसतं पांघरूण नाही. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तर शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, कारण ते लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं. फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७मध्ये या लेपाचं पेटंट घेतलं. पत्र्याला नळ्या पाडून ताठ करण्याची युक्ती त्याआधीची, इंग्लंडमधल्या पामर यांची, १८२९ची. अर्थात जस्त झिजत जातं, म्हणून थर जितका जाड तितकी वर्षं जास्त.

हल्लीच्या रंगीत पत्र्यांत बऱ्याचदा ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतांश जस्त असा मिश्र लेप असतो. घरासाठी तो साध्या जस्तापेक्षा जास्त टिकतो. गोठ्यावर मात्र टाकू नये. शेणामुताच्या अमोनियानं आणि ओल्या सिमेंटच्या क्षारानं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मामांचा गोठा घराला लागूनच, म्हणून तिथं वेगळा पत्रा घ्यायचा आणि गिलावा पत्रा चढायच्या आधी उरकायचा ठरला.

जाडी विचारताना लेपासकट की लेपाविना, हे स्पष्ट करून घ्या. दोन्हींत फरक पडतो आणि दुकानात मोठा आकडा सांगितला जातो. शंका आली तर पत्रा काट्यावर ठेवा.

आणि स्क्रू. वीस वर्षं टिकणारा पत्रा आणून त्यावर स्वस्तातला स्क्रू मारला तर पाचव्या वर्षी स्क्रूभोवती तांबडा ओघळ दिसतो. मुसळधार पावसाच्या मुलखात स्क्रू नळीच्या माथ्यावर मारावा, पन्हळीत नको, कारण पाणी पन्हळीतून वाहतं. खालचा रबराचा वायसर धातूच्या टोपीबाहेर जरासा फुगलेला दिसला की थांबायचं. आणखी पिळला तर रबर बाहेर येऊन फाटतं, ढिला राहिला तर पाणी आत. कापायला ग्राइंडर नको, कातर वापरा. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेला लोखंडाचा भुसा. तो रंगावर चिकटून बसतो आणि पहिल्या सरीनंतर पत्र्यावर तांबूस ठिपक्यांची पुरळ उठते.

मामांचे पत्रे गेल्या आठवड्यात ट्रकमधून उतरले. वळवाची एक सर येऊन गेली होती, वरचे दोन-तीन पत्रे ओले. एकावर एक रचलेल्या पत्र्यांत पाणी अडकलं आणि हवा मिळाली नाही, तर जस्तावर पांढरा गंज चढतो, म्हणून थप्पी लगेच सोडली. एकेक पत्रा फडक्यानं पुसला, मध्ये रिपा घातल्या आणि एक टोक विटांवर उचलून थप्पी पुन्हा लावली, पाणी राहिलंच असेल तर ओघळून जावं म्हणून. मामा खाली वाकून प्रत्येक पत्र्याच्या पाठीवरचा छापील आकडा वाचत होते.