दुर्बिणीतून जठर-शस्त्रक्रिया : जोडणीच्या पद्धती

जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढल्यावर अन्नमार्ग पुन्हा सलग करावा लागतो. या टप्प्याला जोडणी किंवा पुनर्रचना म्हणतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटावर पाच-सहा लहान छिद्रे पाडून, आत कार्बन डायऑक्साइड भरून, पडद्यावर पाहत ही जोडणी केली जाते. गाठ काढण्याचे नियम बरेचसे ठरलेले आहेत : भोवतीचा पुरेसा निरोगी काठ घ्यायचा आणि रक्तवाहिन्यांलगतच्या लसिकाग्रंथी काढायच्या. जोडणीत मात्र निवडीला वाव असतो, आणि रुग्णाचे पुढचे जेवणखाण बऱ्याच अंशी त्या निवडीवर ठरते. नाशिक जिल्ह्यातल्या रुग्णाची शस्त्रक्रिया शहरात होते किंवा कसारा घाट उतरून मुंबईत. नंतरची वर्षे तो काढतो सुरगाण्यात, पेठला, येवल्यात. तिथे पोट दुखू लागले तर आत कोणता जोड आहे हे रुग्णाला आणि गावच्या डॉक्टरांना माहीत असायलाच हवे.

मूळ जोड दुर्बिणीपेक्षा कितीतरी जुने आहेत. थिओडोर बिलरोथ यांनी 1881 मध्ये व्हिएन्नात कर्करोगासाठी जठराचा खालचा भाग यशस्वीपणे काढून उरलेले जठर आद्यांत्राला, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाला, जोडले, तो बिलरोथ-1. आद्यांत्राचे तोंड बंद करून जठर थेट मध्यांत्राच्या (आद्यांत्रापुढच्या लहान आतड्याच्या) वळशाला जोडण्याची बिलरोथ-2 पद्धत 1885 मधली. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे सर्जन सेझार रू यांच्या नावाची ‘रू-वाय’ पद्धतही त्याच शतकाच्या अखेरची. जपानमध्ये सेगो कितानो यांनी 1991 मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा भाग काढला, पण जोड पोटावरच्या लहान छेदातून केला. संपूर्ण जोडणी पोटाच्या आत करण्याची वाट स्टेपलरमुळे, म्हणजे बारीक पिना मारून आतडे जोडणाऱ्या उपकरणामुळे, मोकळी झाली.

जठराचा खालचा भाग काढल्यावर खरी तुलना बिलरोथ-1, बिलरोथ-2 आणि रू-वाय या तीन पद्धतींतच होते. बिलरोथ-1 मध्ये अन्न नेहमीच्या वाटेने आद्यांत्रातून जाते, जोड एकच असतो आणि पुढे पित्तनलिकेत खडा झाला तर तोंडावाटे दुर्बीण घालून तिथवर पोहोचता येते. दुर्बिणीतून हा जोड करण्याची ‘डेल्टा’ पद्धत जपानच्या कानाया यांनी 2002 मध्ये मांडली. तिच्यात आद्यांत्र मागून पुढे या दिशेने कापतात, जठर आणि आद्यांत्र दोन्हींना बारीक छिद्र पाडून स्टेपलरची एकेक पाती आत सरकवतात, मागच्या भिंती शिवतात आणि उरलेले सामाईक तोंड पुन्हा स्टेपलरने बंद करतात. जोड आतून त्रिकोणी दिसतो. मात्र आद्यांत्राचा पुरेसा तुकडा आणि ताण न पडता खाली पोहोचणारे जठर, दोन्ही हाताशी लागतात. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण गाठ वाढल्यावर येतात, जठर बरेच काढावे लागते आणि मग हा जोड जमत नाही. ताणलेला जोड गळतो, त्यामुळे इथे हट्ट धरणे चुकीचेच.

बिलरोथ-2 लवकर होतो आणि ताण राहत नाही, पण पित्त थेट जठरात येते. जळजळ आणि कडू उलट्यांनी रुग्ण बेजार होतो. आतड्याच्या जठराकडे येणारी आणि जठरापासून निघणारी अशा दोन बाजू खाली एकमेकींना जोडणारा ब्राउनचा जोड दिला तर हा त्रास घटतो. रू-वाय पित्ताला सर्वांत चांगला अटकाव करतो. त्यात मध्यांत्र कापून त्याचे खालचे टोक जठराला जोडतात आणि पित्त आणणारी बाजू साधारण 40 सेंमी खाली आणून मिळवतात. याची किंमत म्हणजे दोन जोड, जास्त वेळ, महागड्या स्टेपलरची जादा काडतुसे, काहींना अन्न तुंबण्याचा त्रास, आणि आतड्यामागे राहणाऱ्या फटी. त्यांतल्या, वर नेलेल्या आतड्याच्या मागे राहणाऱ्या पीटरसनच्या फटीत आतडे शिरले, तर वर्षांनंतरही पीळ पडून आतडे काळे पडू शकते. या फटी न विरघळणाऱ्या धाग्याने शिवायला लागणारी काही मिनिटे कधीही वाचवू नयेत. वजन किती घटते यात मात्र बिलरोथ-1 आणि रू-वाय यांत फारसा फरक पडत नाही.

संपूर्ण जठर काढल्यावर रू-वाय हीच रूढ पद्धत. तिथे अडचण जागेची : कापलेली अन्ननलिका छातीकडे आखडते आणि अरुंद खोबणीत काम करावे लागते. गोल स्टेपलरचे डोके अन्ननलिकेत बसवणे अवघड असते, म्हणून ते नळीला जोडून रुग्णाच्या तोंडातून खाली उतरवण्याची युक्ती निघाली. रेषीय स्टेपलरच्या ‘ओव्हरलॅप’ पद्धतीत अन्ननलिका आणि आतडे एकाच दिशेने शेजारी ठेवून जोडतात. तोंड रुंद मिळते, पण उरलेली फट हाताने शिवावी लागते आणि सर्जनच्या टाक्यांची परीक्षा तिथे होते. जठराचा फक्त वरचा भाग काढल्यास पित्त-आम्ल वर येऊ नये म्हणून दुहेरी मार्गाची जोडणी करतात, म्हणजे अन्नाला उरलेल्या जठरातून आणि थेट आतड्यातून अशा दोन वाटा ठेवतात.

दुर्बिणीने रोग कमी निघतो ही भीती अनुभवी हातांपुरती चाचण्यांनी दूर केली आहे. खालच्या जठरावरील शस्त्रक्रियांच्या कोरियातील क्लास-01 चाचणीत, पहिल्या टप्प्यातील रोगासाठी, पाच वर्षांनंतर जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात 94.2 टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात 93.3 टक्के होते.

कोणताही जोड असला तरी जेवण बदलते. द्राक्षांच्या हंगामात रिकाम्या पोटी ग्लासभर रस, किंवा पाहुण्यांच्या आग्रहाखातर वाटीभर श्रीखंड घेतले, की अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब सुरू होऊ शकतात. साखर एकदम आतड्यात उतरल्याचा हा परिणाम, याला डम्पिंग म्हणतात. दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खावे, आमटीत भिजवलेली भाकरी नीट चावावी, पाणी जेवणानंतर काही वेळाने प्यावे. मिसळीची तर्री सुरुवातीचे महिने दूरच ठेवलेली बरी. संपूर्ण जठर गेलेल्यांना बी-12 आयुष्यभर बाहेरून घ्यावे लागते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून रुग्णाला वाटते की इंजेक्शन बंद केले तरी चालते. शाकाहारी घरात हा साठा आधीच कमी असतो.

डिस्चार्ज कार्डावर जोडाचे नाव, आतड्याच्या बाजूची लांबी, फटी शिवल्या की नाही आणि बी-12 ची पुढची तारीख मराठीत लिहिलेली असावी. रू-वाय झालेल्या रुग्णाचे पोट अचानक जोरात दुखू लागले, तर गॅसची गोळी देऊन घरी न पाठवता त्याचा सीटी स्कॅन त्याच दिवशी करावा आणि ते कार्ड सर्जनला दाखवावे.