एल्कच्या शिकारीला पहिल्यांदा निघताना: रायफल आणि सामान

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एल्क एवढं मोठं जनावर, म्हणजे मॅग्नमच (जास्त दारूचं, जोरदार काडतूस मारणारी रायफल) घ्यावी लागणार ना?" आमचं उत्तरही ठरलेलं आहे: नाही. एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतलं, सांबराच्या कुळातलं जनावर, आणि ते मोठं आहे यात वाद नाही. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढलेला नर सरासरी ७०० पौंडांच्या घरात असतो, मादी ५००च्या आसपास. पण ते पडतं फुप्फुसात नीट बसलेल्या गोळीने, आणि ती नीट बसवायची तर चाप ओढणारा माणूस धक्क्याला बिचकणारा नसावा. आपल्यापैकी बहुतेकांनी भारतात बंदूक चालवली ती एनसीसीत, नाहीतर जत्रेतल्या फुग्यांवर. म्हणून हे पत्रक अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रायफल हंगामात पहिल्यांदा जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी.

आधी कागद, मग बंदूक

नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना फारशी अडचण येत नाही. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्यांना मात्र केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे. अपवाद आहे तो मुदतीतलं शिकारीचं लायसन्स जवळ असणाऱ्यांना. म्हणजे लायसन्स आधी, रायफल नंतर. आणि लायसन्सची मुदत संपली की ही सूटही संपते. कपाटात ठेवलेली रायफलसुद्धा तेव्हा गुन्हा ठरू शकते. मित्राची रायफल नेमबाजीच्या मैदानावर सहज चालवून पाहतानाही हाच नियम लागू होतो. व्हिसाचा प्रश्न असेल तर आधी वकिलाला विचारा, आमच्या सल्ल्यावर जाऊ नका.

१ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) कार्ड लागतं. शिकारीच्या लायसन्सच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. कोलोरॅडोत रायफल विकत घेतल्यावर ती हातात पडायला किमान तीन दिवस जातात, तेव्हा निघायच्या आदल्या संध्याकाळी येऊ नका.

काडतूस

एल्कसाठी कायद्याने किमान .२४ कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचात), ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), लागल्यावर फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड जोर लागतो. हा झाला कायद्याचा उंबरठा. त्याच्या बराच आत राहिलेलं बरं. आमची पहिली पसंती .३०८ विंचेस्टर किंवा .३०-०६ स्प्रिंगफील्ड, साध्या, दर गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे ओढायच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलमध्ये. .३०-०६ हे १९०६चं काडतूस, आणि १८० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २,७०० फुटांनी सोडणाऱ्या या म्हाताऱ्याला एल्कच्या जंगलात अजून कुणी निवृत्त करू शकलेलं नाही. .२७० विंचेस्टरही चांगलं. ६.५ क्रीडमूरचा धक्का सौम्य. लहान चणीच्या माणसाला आम्ही तेच देतो, पण अंतर आवरतं ठेवायला सांगून.

.३०० विंचेस्टर मॅग्नमचा धक्का त्याच वजनाच्या .३०८ रायफलच्या जवळजवळ दीडपट. तरीही तीच हवी म्हणणाऱ्याला आम्ही मैदानावर नेतो आणि चार-पाच खऱ्या काडतुसांत एक खोटं मिसळतो, कोणतं ते न सांगता. खोट्याची पाळी येते, चाप ओढला जातो, आवाज होत नाही, पण नळीचं तोंड बोटभर खाली गेलेलं सगळ्यांना दिसतं. ओढणाऱ्यालाही. त्यानंतर बहुतेकजण स्वतःहूनच .३०८ मागतात.

काडतुसाच्या नावापेक्षा गोळीच्या बांधणीकडे लक्ष द्या. हरणासाठीची मऊ गोळी एल्कच्या खांद्याच्या हाडावर फुटून वरच्यावर विखुरते. बाँडेड (आवरण आणि आतलं शिसं एकजीव केलेली), संपूर्ण तांब्याची किंवा मध्ये पडदी असलेली गोळी घ्या. नॉस्लर पार्टिशन १९४८पासून हेच काम करत आली आहे. डबा महाग वाटेल, पण शिकारीला लागतात त्या दोन-चार गोळ्या. सरावासाठी त्याच वजनाच्या स्वस्त गोळ्या चालतात, फक्त शेवटी खऱ्या गोळीवर नेम पुन्हा जुळवून घ्या.

स्कोप आणि तुमचं अंतर

३-९×४० स्कोप (नेमासाठी रायफलवर बसवलेलं, तीन ते नऊ पट मोठं दाखवणारं भिंग) पुरतो. २०० यार्डांवर नेम जुळवला की १८० ग्रेनची .३०-०६ गोळी ३०० यार्डांवर साधारण आठ-नऊ इंच खाली लागते, हे आकडे दस्त्यावर चिकटवून ठेवा. मग नऊ इंची कागदी प्लेट लावा आणि गुडघ्यावर बसून, काठीच्या आधाराने, थोडं धावून आल्यावर, धाप लागलेली असताना पाच गोळ्या मारा. पाचही प्लेटमध्ये बसल्या तेवढंच तुमचं अंतर. टेबलावर वाळूच्या पिशव्यांवरून मारलेलं इथे धरायचं नाही. कुणाचं १५० यार्ड निघतं, कुणाचं २५०. यूट्यूबवरचं ६०० कुणाचंच निघत नाही.

जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने सरळ वर या आणि छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात नेम धरा. तोंड तुमच्याकडे किंवा पाठ तुमच्याकडे असेल तर थांबा. बऱ्याच भागांत नराच्या एका शिंगाला चार टोकं किंवा पाच इंची कपाळटोक (शिंगाच्या बुडाशी पुढे आलेलं टोक) असावंच लागतं; तेवढं मोजायला १०×४२ची दुर्बीण हवी. माणसं रायफलचा स्कोप दुर्बिणीसारखा वापरतात, म्हणजे कुणीतरी चालत असलेल्या माणसावर नळी रोखून बघतो. हे कधीही करू नका.

पाय, कपडे, वारा

पैसे कमी असतील तर रायफलमधले कापा, बुटांतले नको. डेन्व्हर शहरच जवळपास कळसूबाईच्या उंचीवर आहे, आणि एल्क भेटतो तो ९,००० ते ११,००० फुटांवर, म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई. घोटा धरणारे बूट ऑगस्टमध्येच घ्या आणि पाठीवर २५-३० पौंड घेऊन रोजच्या चालण्यात मळवा. मोजे लोकरीचे. आत सुती कपडा नको. घाम आला की तो गार पडतो आणि मग अंगात थंडी शिरते. वर येऊन एक दिवस नुसतं राहा, पाणी भरपूर प्या.

कॅमोवर (झाडीत मिसळणाऱ्या छापील कपड्यांवर) फार खर्च करू नका. कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकदार केशरी किंवा गुलाबी आणि त्याच रंगाची टोपी कायद्याने लागतेच, मग आतलं चित्र कोण बघतंय? एल्क तुम्हाला ओळखतो वासाने. उतारावर वारा पहाटे खाली वाहतो, ऊन तापलं की वर चढतो. त्याप्रमाणे वाट धरा. हेडलॅम्प दोन, आणि रेंज नसते तिथे संदेश पाठवणारं सॅटेलाइट यंत्र, जे आमच्याकडे भाड्यानेही मिळतं.

गोळी लागल्यानंतर

खरं काम इथे सुरू होतं, आणि याची तयारी कुणी करून येत नाही. एका एल्कचं हाडाविना मांस दोनशे पौंडांच्या आसपास भरतं. एकट्याने चार खेपा. खाण्याजोगं मांस टाकून येणं गुन्हा आहे. फ्रेमची सॅक, पाच-सहा श्वास घेणाऱ्या कापडी पिशव्या, पाती बदलता येणारा सुरा, रबरी हातमोजे एवढं हवंच. कातडं लगेच उतरवा, मांस सावलीत टांगा. थंडीतसुद्धा कातड्याखालची ऊब मागच्या मांडीचं हाडाजवळचं मांस नासवते. टॅग (लायसन्ससोबत मिळणारी चिठ्ठी) आणि नर-मादीची खूण मांसावरच राहू द्या. गाडीजवळ पोचलात की चेंबर (नळीमागची काडतुसाची जागा) रिकामं.

विमानाने येणाऱ्यांनी रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन करावी. नव्या रायफलसाठी दुकानात येताना जाड जॅकेट घालूनच या. टीशर्टवर बरोबर बसलेला दस्ता जॅकेटवर लांब पडतो.